रोम ते कोपनहेगन, एका पाण्यात

पाटणकर साहेबांनी ॲटलासवर फूटपट्टी ठेवली, रोमपासून कोपनहेगनपर्यंत पेन्सिलीने सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "साडेनऊशे मैल. विमान तासाला तीनशे मैल जातं. म्हणजे तीन तास आणि वर थोडं. झालं की, भोयर! तुम्ही उगाच घाबरताय."

मी घाबरलो नव्हतो. मी चिडलो होतो. आम्ही मूल गावातल्या रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोर टेबलावर ॲटलास, चहाचे कप, आणि काचेच्या बरणीत पोहणारे काही मासे. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ते हेच.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आमचं मुख्य ऑफिस नागपूरला. मी मत्स्य खात्यात नोकरीला. मूलला खात्याचं एक छोटं केंद्र होतं, त्याचा मी इन्चार्ज. आमचं काम म्हणजे माशांची पिल्लं वाढवायची आणि धानपट्ट्यातल्या तलावांत नेऊन सोडायची. ही पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना 'जिरे' असंच म्हणतात. ते वाहून नेण्याचं काम ढिवर, म्हणजे इकडची मासेमारी करणारी मंडळी, करायची. केंद्राला दोन खोल्या, मागे चार हौद, आणि भिंतीला पावसाळ्यात येणारी ओल. पण ते केंद्र मी उभं केलं होतं आणि माझा त्यावर जीव होता.

ते केंद्र बंद करायचं घाटत होतं. नागपूरला वरच्या लोकांचं म्हणणं, जंगलाच्या तोंडाशी माशांचं ऑफिस हवं कशाला? पाटणकर साहेब माझे थेट वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "भोयर, मला वर दाखवायला काहीतरी द्या. नाहीतर पुढच्या वर्षी हे केंद्र राहणार नाही."

तेवढ्यात येन्सन आला.

येन्सन हा डेन्मार्कचा माणूस. कोपनहेगनच्या एका मत्स्यालयासाठी मासे गोळा करत हिंडायचा. उंच, लालबुंद, आणि डोक्यावर कायम ओला रुमाल. त्याला आमच्या तलावांतला एक बारकासा मासा हवा होता. अंगठ्याएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा. आतला काटा बाहेरून मोजून घ्यावा. आमच्याकडे त्याला कोणी कालवणातसुद्धा घालत नसे. जाळ्यात आला की बदकांपुढे टाकायचे. येन्सनने तो बरणीत धरून उन्हात पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी वाटलं, उन्हाने आलं असेल.

पाटणकर साहेबांना हेच पाहिजे होतं. मूलचा मासा युरोपात! पण जिवंत पोचला तर. मेला तर पाहुण्याची तक्रार, नागपूरची थट्टा आणि केंद्राला कुलूप. हे त्यांनी मला चहा घेता घेताच सांगितलं.

अडचण शेवटच्या टप्प्यात होती. मुंबई ते रोम मोठं विमान. त्यात तलावाच्या पाण्याचे जादा कॅन सोबत न्यायला कंपनी तयार होती, म्हणजे वाटेत पाणी बदलता येणार. पण रोमला विमान बदलायचं. पुढचं विमान लहान. त्यात जादा पाणी न्यायची परवानगी नव्हती. रोमच्या नळाचं पाणी थंड, त्यात जंतू मारायचं औषध. ते डब्यात ओतलं तर मासे तिथेच उलटे होणार. म्हणजे रोमला शेवटचं पाणी बदलायचं आणि त्याच पाण्यात कोपनहेगन गाठायचं.

ढिवर लोक वाट कोसांत मोजत नसत. पाण्यांत मोजत. हंडीतल्या पिल्लांचं पाणी वाटेत जितक्या वेळा बदलावं लागेल, तितक्या पाण्यांची ती वाट. मूलहून सिंदेवाही इतकी पाणी, सावली गाव तितकी पाणी. आमच्या केंद्रातले सगळ्यांत जुने वाहक सोमाभाऊ. त्यांना मी विचारलं की हे गोरे साहेब रोमहून कोपनहेगनला जाणार आहेत, मधे पाणी मिळणार नाही, कसं करायचं?

सोमाभाऊंनी रोम कुठे आहे हे विचारलंच नाही. म्हणाले, "म्हणजे एका पान्याची वाट हाय म्हना. मंग किती वेळची हाय?"

इथेच पाटणकर साहेब आणि मी अडलो. साहेबांचं गणित तीन तासांचं. एक पाणी साधारण तेवढं टिकतंच. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, डबे काठोकाठ भरायचे, मासे भरपूर घालायचे आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालायचं, म्हणजे वाटेत उपाशी राहणार नाहीत.

"साहेब," मी म्हणालो, "विमान फूटपट्टीवरून उडत नाही."

"मग कशावरून उडतं?"

"ते मी मुंबईला तार करून विचारलंय."

विमान कंपनीच्या मुंबई ऑफिसचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. विमान रोमहून निघून झुरिकला थांबतं, मग फ्रांकफुर्टला थांबतं, मग कोपनहेगन. प्रत्येक ठिकाणी तासभर तरी मुक्काम. शिवाय रोमला सामान उड्डाणाच्या बरंच आधी ताब्यात घेणार. मी सगळी बेरीज केली. डब्याचं झाकण रोमला लागल्यापासून कोपनहेगनला उघडेपर्यंत आठ तास. साहेबांच्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त.

साहेबांनी तार दोनदा वाचली. "पण प्रत्यक्ष उडण्याचा वेळ तर चार तासांच्या आसपासच आहे ना?"

"माशाला उडण्याशी काय करायचंय साहेब? त्याला डब्यातला वेळ कळतो."

"हे तुमचं म्हणणं. प्रयोग करून दाखवा."

मला तेच हवं होतं. आमच्याकडे खात्याची एक खडखडती जीप होती. मूलहून चांद्याचा रस्ता जंगलातून जातो, वाटेत चिचपल्ली लागते. मी म्हणालो, मूल म्हणजे रोम धरू आणि चांदा म्हणजे कोपनहेगन. येन्सनला ही कल्पना इतकी आवडली की तो टाळ्या वाजवायला लागला.

पहिली फेरी साहेबांच्या पद्धतीने. काठोकाठ भरलेला डबा, खाऊ घातलेले मासे. कुठे न थांबता जायचं आणि तीन तास भरेपर्यंत फिरत राहायचं. जीपमध्ये पुढे साहेब, मागे येन्सन, सोमाभाऊ आणि मी डबा धरून. रस्ता असा की दर दहा हातांवर खड्डा. चांद्याला पोचून गावाभोवती आणखी दोन चकरा मारल्या. झाकण उघडलं.

मासे ठणठणीत होते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मिशीत हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं गणित चुकलं होतं की काय? पाणी गढूळ होतं, माशांची घाण तळाशी दिसत होती, तरी मासे मजेत फिरत होते.

आम्ही डबा एका झाडाखाली ठेवला आणि चहाला गेलो. सोमाभाऊ एकटे तिथे उभे राहून कुरकुरत होते. "डब्बा खाली ठेवू नोका जी," म्हणाले. मी चिडलेलो होतो, लक्ष दिलं नाही. चहा संपवून परत आलो तर सगळे मासे वर आलेले. तोंड पाण्याबाहेर काढून घशाघशा हवा घेत होते. दोन तर आडवेच झाले होते.

साहेबांचं हसू गेलं. माझा राग गेला. आम्ही दोघेही डब्यावर वाकलो.

"तीन तास जगले," साहेब म्हणाले, "आणि चहाच्या वेळात मरायला लागले?"

मग मला उलगडा झाला. ही गोष्ट मी शिकलो होतो, पण डोक्यात अशी लख्ख कधी बसली नव्हती. मासा पाण्यात विरघळलेली हवा घेतो. ती संपते. पाणी हललं की वरची हवा पुन्हा त्यात मिसळते. जीप हादरत होती तोवर पाण्याला हवा मिळत होती. डबा स्थिर ठेवला आणि हवा संपली. ढिवर माणूस कावड खांद्यावर घेऊन एका विशिष्ट ठेक्यात चालतो, हंड्या डुलत राहतात. विडी ओढायला बसला तरी दुसरा कोणी हंडी हलवत बसतो. सोमाभाऊंच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. श्वास घ्यायचा असतो हे कोणी सांगतं का?

मी येन्सनला विचारलं, "विमान हादरतं का?"

"हादरतं?" तो म्हणाला. "बशीतला कप चालत चालत दुसऱ्याच्या मांडीवर जातो. दात वाजतात."

"मग उडताना काळजी नाही. काळजी झुरिकची आणि फ्रांकफुर्टची."

आता प्रश्न स्वच्छ दिसायला लागला. अंतर मासे मारणार नव्हतं. मुक्काम मारणार होते. आणि मुक्कामात तर सगळ्या उतारूंना विमानातून खाली उतरवतात. सामानाच्या कप्प्यात कोणाला जाऊ देत नाहीत. मग डबे हलवणार कोण?

सोमाभाऊ म्हणाले, "साहेब उतरते नं? मंग मासेबी उतरवा. कावडीत घेऊन उतरा नं जी."

पाटणकर साहेब हसायला लागले. येन्सन हसला नाही. त्याने विचारलं, "कावड म्हणजे ते खांद्यावरचं? मला शिकवाल?"

दुसऱ्या दिवसापासून मूलच्या बाजारात लोकांनी जे पाहिलं ते त्यांनी आधी कधी पाहिलं नसेल. पुढे सोमाभाऊ, मागे सहा फुटी गोरा साहेब, खांद्यावर बांबूची कावड, दोन टोकांना पाण्याचे डबे. भात गिरणीवरचे हमाल काम सोडून बघत होते. सोमाभाऊ शिकवायला लागले की कोणाची भीड ठेवत नसत.

"खांदा काऊन ताठ करून राह्यले जी? ढिल्ला सोडा. गुडघ्यातून चाला, गुडघ्यातून!"

मी इंग्रजीत सांगायचो. येन्सन मान डोलवायचा आणि पुन्हा ताठ चालायचा. पाणी सांडायचं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एका म्हातारीने तर जवळ येऊन त्याचा खांदा हाताने खाली दाबला आणि म्हणाली, "आता जा." तिसऱ्या दिवशी मात्र त्याला तो ठेका सापडला. डबे डुलायला लागले, थेंब सांडेना. तो असा खूश झाला की कावड घेऊन रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन आला.

इतर तयारी माझी. कावडीत मावतील तेवढे, म्हणजे दोनच डबे न्यायचे. साहेब कुरकुरले, "एवढं करून दोनच?" मी म्हणालो, "दोन जिवंत डबे, साहेब." डबे अर्धेच भरायचे, म्हणजे पाण्यावर हवेला जागा राहील आणि डुलताना पाणी खळखळेल. मासे कमी. आणि निघण्याआधी त्यांना उपाशी ठेवायचं. हे ऐकून साहेबांना फार वाईट वाटलं. पण पोट रिकामं असलं की मासा पाणी घाण करत नाही, आणि पाणी स्वच्छ राहिलं की तो जास्त जगतो. सोमाभाऊंनी बांबू तासून विमानात मावेल अशी आखूड कावड केली. बाहेरून डब्यांना धानाची तणस, म्हणजे पेंढा, गुंडाळली, थंडी लागू नये म्हणून.

दुसरी फेरी या पद्धतीने. साहेब आता स्वतःच उत्साहात होते. हातातलं घड्याळ बघून ओरडायचे, "विमान उतरतंय!" की जीप थांबायची. येन्सन कावड घेऊन उतरायचा आणि तासभर रस्त्यावर येरझारा घालायचा. चिचपल्लीला फॉरेस्टच्या नाक्यावर गार्डने आम्हाला हटकलं.

"काय चालू हाय जी इथी?"

"फ्रांकफुर्ट आहे हे," पाटणकर साहेब गंभीरपणे म्हणाले.

गार्डने गोऱ्या माणसाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, आणि सलाम करून मागे सरला. त्याने आम्हाला चहा मात्र पाजला. त्या वेळी डबा खाली ठेवला नाही. येन्सनने चहा चालता चालता घेतला.

आठ तासांनी चांद्याला झाकण उघडलं. मासे खाली, तळाशी, शांत. एकही वर आलेला नव्हता. पाणी आरशासारखं. पाटणकर साहेबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मीच डब्यात पडलो असतो. त्यांच्यासारखा मोजूनमापून बोलणारा माणूस रस्त्यात उभा राहून "शाब्बास! शाब्बास!" ओरडत होता. मला इतका आनंद झाला की मी सोमाभाऊंना मिठी मारली. त्यांना ते फार अवघड झालं.

मग खरा प्रवास. छोट्या लाईनने नागपूर, तिथून मेलने मुंबई. सोमाभाऊ आणि मी येन्सनला सोडायला गेलो. रात्रभर आळीपाळीने डबे हलवले. मुंबईला विमानतळावर कंपनीच्या माणसाने कावड पाहिली आणि हात वर केले.

"बांबू विमानात नेता येणार नाही. पाण्याचे उघडे डबे तर अजिबात नाही. सामानात टाका."

सामानात टाकले की संपलं. मी त्याला समजावलं, विनवलं, मग आवाज चढवला. तो आणखी ताठ झाला. एवढ्यात विमानाचा कॅप्टन तिथून चालला होता. गडबड ऐकून थांबला. काय आहे म्हणून विचारलं. येन्सनने सरळ कावड उचलली, खांदा ढिला सोडला, आणि त्या चकचकीत हॉलमध्ये गुडघ्यातून चालत एक पूर्ण फेरी मारली. डबे डुलत होते. थेंब सांडला नाही.

सोमाभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आता बराबर चालून राह्यला."

कॅप्टनने डब्यात डोकावून पाहिलं. आरपार दिसणारे ते मासे बघून टोपी काढून तो आणखी खाली वाकला. मग म्हणाला, "माझ्या विमानात हे गृहस्थ आणि त्यांचे पाहुणे पुढच्या सीटवर बसतील. रोमच्या पुढच्या कॅप्टनला मी स्वतः सांगेन." कंपनीच्या माणसाने बांबूला सामानाचं लेबल लावायचं तेवढं सोडलं नाही.

विमान उडालं. सोमाभाऊ ते ठिपका होईपर्यंत बघत राहिले. आम्ही मूलला परतलो. पुढचे दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. हौदावर गेलो तरी कान पोस्टमनच्या सायकलकडे. साहेब नागपूरहून मुक्कामाला येऊन बसले होते. तेही काही कमी बेचैन नव्हते, पण ॲटलास चाळल्याचं दाखवायचे.

तार आली तेव्हा आम्ही केंद्राच्या ओट्यावर होतो. साहेबांनी फोडली. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरून काही कळेना. मग त्यांनी ती मोठ्याने वाचली. येन्सनने लिहिलं होतं: मासे सगळे जिवंत. फ्रांकफुर्टला धुकं, विमान तीन तास थांबलं. मी चाललो. खांदा कामातून गेला.

तीन तास! आमच्या गणितात तो वेळ कुठेच नव्हता. साहेबांच्या गणितात नव्हता, माझ्याही नव्हता. फूटपट्टीवर भरवसा ठेवला असता किंवा माझ्या बेरजेवर, तरी मासे मेलेच असते. वाचले ते केवळ एक माणूस डबे खाली ठेवायला तयार नव्हता म्हणून.

मी सोमाभाऊंना तार समजावून सांगितली. त्यांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि एवढंच विचारलं, "उजवा खांदा का डावा? मी त्याले दोनी खांद्यांवर घ्याले शिकवलं नाई जी."

साहेब हसत हसत आत गेले आणि तिथेच बसून नागपूरला रिपोर्ट लिहिला. महिन्याभरात केंद्र चालू ठेवण्याचा हुकूम आला. त्यासोबत दोन नवे हौद मंजूर झाले. पुढच्या वर्षी येन्सनने पुन्हा मासे मागवले, आणि या खेपेला त्याने अट घातली की सोमाभाऊंनी मुंबईला येऊन नव्या माणसाला आधी आठवडाभर चालवून घ्यावं. सोमाभाऊ नवं धोतर नेसून गेले.

मी नंतर खात्यात पुष्कळ वर्षं काढली. कुठलाही माल पाठवायचा म्हटलं की ऑफिसात कोणीतरी नकाशा उघडतोच. मी त्याला नकाशा बघू देतो. मग विचारतो, वाटेत गाडी थांबली की डब्याजवळ कोण उभं राहणार आहे त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर माल मी पाठवत नाही.